दाखला आतल्या दाबाचा

मुंबईहून अहमदाबादला जाणाऱ्या महामार्गावर चिंचोटीच्या फाट्याशी कामण-भिवंडीचा रस्ता जिथे फुटतो, त्या अंगाला लोखंडकामाचे लहानमोठे गाळे आहेत. आणि त्यांपैकी एका गाळ्याच्या मागच्या मोकळ्या जागेत, घाणेरीच्या झुडपांत अर्धी दडलेली आणि दोन दगडांवर आडवी टेकवलेली हवेची एक जुनी टाकी पाहण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मला मुद्दाम बोलावून नेण्यात आले. बोलावणारा तरुण त्याच गाळ्यात वेल्डिंगचे काम करतो, त्याचे बालपण खाडीच्या काठी गेले आहे, आणि एका माणसापुरती का होईना पण स्वतःच्या हातांनी पाणबुडी बांधावयाची, हे वेड त्याने चार-पाच वर्षे मनात बाळगले आहे. अशा वेडांची थट्टा करणे सोपे असते. परंतु त्याच्या वहीतले आकडे पाहिल्यावर थट्टा करण्याची माझी तरी छाती झाली नाही.

“काका, हिचा दाखला आहे,” असे म्हणून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे धरला. टाकी कोण्या कारखान्यात कॉम्प्रेसरला जोडलेली होती. कार्यदाब दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो, आणि पाणी भरून घेतलेली चाचणी 15 किलोची, असा मजकूर त्यावर सहीशिक्क्यानिशी होता.

“दहा मीटर पाण्याला एक किलो. पंधरा किलो म्हणजे दीडशे मीटर. मला तर वीसच मीटर जायचंय.”

त्रैराशिकात कसूर नव्हती, आणि कागदही खरा होता; फक्त त्या कागदावर ज्या प्रश्नाचे उत्तर लिहिले होते तो प्रश्न समुद्र विचारीत नाही. टाकीची परीक्षा आतून बाहेर रेटणाऱ्या दाबाची झाली होती, आणि पाणबुडीची परीक्षा बाहेरून आत रेटणाऱ्या दाबाची व्हावयाची असते. या दोन दाबांत केवळ दिशेची तफावत आहे असे वरकरणी वाटते, आणि घरगुती पाणबुडीच्या कवचाविषयीचे बहुतेक प्राणघातक गैरसमज या एका वाटण्यातून निघतात.

आमच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर रॉकेलचा रिकामा डबा घेऊन त्यात थोडे पाणी उकळीत, वाफेने आतली हवा हाकलून दिल्यावर बूच घट्ट लावीत आणि डब्यावर थंड पाण्याचा तांब्या ओतीत; मग कोणी हात न लावता तो डबा कडकड आवाज करीत आत ओढला जाई, आणि आम्ही पोरे बाके सोडून पुढे धावत असू. तोच डबा आतून फुगवून फोडावयाचा म्हटले असता त्याने बराच वेळ दाद दिली नसती. याचे कारण असे, की आतून दाब आला म्हणजे वाकडेतिकडे भांडेही गोल होऊ पाहते, त्याचा पोचा बाहेर येतो, त्याचा पत्रा ताणला जातो, आणि ताण सोसण्यात पोलाद मोठे सोशीक असते. पण दाब बाहेरून आला की जिथे गोलाई किंचित कमी असेल तिथे तो अधिक रेटतो, त्या रेट्याने गोलाई आणखी कमी होते, आणि कमी झालेली गोलाई आणखी रेटा ओढवून घेते. आतला दाब भांड्याचे दोष दुरुस्त करीत जातो. बाहेरचा दाब ते वाढवीत नेतो, आणि एका विवक्षित मर्यादेपुढे हे सारे निमिषार्धात घडते. त्याआधी पोलाद तुटलेले नसते, फाटलेले नसते, थकलेलेही नसते. त्याचा फक्त आकार मोडलेला असतो.

हे शास्त्र पाणबुड्यांपासून निघाले असे कोणी समजेल, परंतु ते निघाले कापडगिरण्यांच्या बॉयलरांपासून, आणि म्हणून मुंबईच्या वाचकाला त्याची ओळख अधिक घरगुती वाटावी. विल्यम फेअरबेर्न या स्कॉटिश यंत्रज्ञाने 1844 साली ज्या लँकेशायर बॉयलरचे पेटंट एका सहकाऱ्यासमवेत घेतले, त्याच्या पोटातून दोन मोठ्या नळ्या आरपार जात. नळ्यांच्या आत विस्तव आणि भोवती उकळते पाणी व वाफ, अशी रचना असल्यामुळे त्या नळ्यांना दाब सोसावा लागे तो बाहेरून. म्हणजे गिरणगावातल्या ज्या बॉयलरघरांत कोळसा ओढता ओढता माणसे म्हातारी झाली, तिथे विस्तवाने भरलेल्या पाणबुड्याच रात्रंदिवस पाण्याखाली उभ्या होत्या असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. या नळ्या चेपून अपघात होत, आणि ते का होतात हे कोडे होते, कारण नळीच्या लांबीचा तिच्या बळाशी काही संबंध असेल असे त्या काळच्या कारखानदारांच्या स्वप्नातही नव्हते. फेअरबेर्नने नळ्या पाण्याच्या दाबाखाली चिरडून पाहिल्या आणि 1858 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की नळी जितकी लांब तितकी ती दुबळी. लांबी दुप्पट केली की बळ निम्मे. उपायही त्यानेच सुचविला, आणि तो म्हणजे मजबूत कडी बसवून एका लांब नळीच्या अनेक आखूड नळ्या करून टाकणे.

तुंगारेश्वराच्या रानातला कळक हेच फार पूर्वीपासून करीत आला आहे. पेरापेराशी आडवा पडदा नसता तर तो पोकळ दांडा पहिल्याच वाऱ्यात चपटा होऊन मोडला असता.

पुढे पाणबुड्यांचे युग आले, तेव्हा ऑस्ट्रियन गणिती रिचर्ड फॉन मीझेस याने 1914 साली या चेपण्याचे सूत्र मांडले, आणि 1934 साली अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतील विंडेनबर्ग व ट्रिलिंग या दोघांनी ते हाताने सोडविता येईल इतके सुटसुटीत केले. त्या सूत्रात तीन मापे लागतात: व्यास, जाडी, आणि दोन आधारांमधील लांबी. आम्ही त्या टाकीच्या सावलीत बसून ते सोडविले. व्यास 1 मीटर, प्लेट 6 मिलिमीटर, लांबी 2.5 मीटर. आतून दाब दिला तर ही टाकी चौरस सेंटिमीटरला सुमारे 30 किलोपर्यंत नमणार नाही. बाहेरून दिला तर ती 6 किलोच्या आतबाहेर चेपते. एकच टाकी, एकच पोलाद, आणि बळ एक-पंचमांश! दीडशे मीटरांचा तो दाखला सूत्रात घातल्याबरोबर 58 मीटरांवर आला, आणि तोही टाकी भूमितीच्या पुस्तकातल्यासारखी निर्दोष गोल आहे असे गृहीत धरून. प्रत्यक्षातली टाकी तशी कधीच नसते म्हणून कागदावरच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे घरी बांधलेल्या कवचाने जाऊ नये, असे माझे मत आहे. 58 चा तिसरा हिस्सा 19. पोराला जायचे होते वीसवर.

त्याचा चेहरा पडला नाही. “एक मीटरनं काय होतंय?” तो हसून म्हणाला.

एका मीटरने फारसे काही होत नाही हे मलाही कबूल आहे. होते ते एका मिलिमीटरने. हवेच्या टाकीत दमट हवेचे पाणी तळाशी साचते, ते वेळेवर काढले जात नाही, आणि तळाचा पत्रा आतून खात जातो. वरून रंग मात्र शाबूत. जाडी मोजण्याचे ध्वनीलहरींवर चालणारे यंत्र एका ओळखीच्या तपासनिसाकडून मागून आणले, तेव्हा तळच्या पट्ट्यात कुठे 5, कुठे 5.2 असे आकडे मिळाले. सहांतला एक गेला म्हणजे बळाचा सहावा हिस्सा गेला असे त्रैराशिक सांगते, पण या सूत्रात जाडी अडीचाव्या घाताने येते. त्यामुळे एक मिलिमीटर गंजला की बळाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग जातो, आणि 58 मीटरांचे 37 होतात. तिसरा हिस्सा बारा मीटर.

त्यानंतर गोलाई. ती मोजण्यासाठी कोणतेही महाग यंत्र लागत नाही. टाकीच्या मॅनहोलातून आत शिरून, सरकणाऱ्या दांडीने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बारा-सहा, एक-सात, दोन-आठ असे सहा व्यास घ्यावयाचे आणि खडूने पत्र्यावर लिहीत जावयाचे. आत विजेरीच्या उजेडात, गुडघे पोटाशी घेऊन, तो आकडे ओरडत होता आणि मी बाहेर वहीत लिहीत होतो: एक हजार दोन, एक हजार चार, नऊशे नव्याण्णव, नऊशे एक्क्याण्णव... शेवटच्या आकड्यानंतर बराच वेळ आवाज आला नाही. दगडावर वर्षानुवर्षे टेकलेल्या जागी टाकी आत दबली होती. तिथला व्यास 978 भरला. मोठ्यात मोठ्या आणि लहानात लहान व्यासांतील तफावत एकूण व्यासाच्या एक टक्क्याहून अधिक नसावी, अशी बाहेरचा दाब सोसणाऱ्या भांड्यांसाठी अमेरिकन यंत्रज्ञ संस्थेच्या नियमसंहितेने हद्द घातली आहे. म्हणजे इथे दहा मिलिमीटर. आपल्याकडचा तो पोचा हाताने चाचपडला तरी जाणवत नव्हता, आणि तरी तो हद्दीच्या अडीचपट होता. ज्या मुंबईच्या माझगाव गोदीत 1992 साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ ही देशात बांधलेली पहिली पाणबुडी घडली, तिथेही पाणबुडीच्या कवचाचा जीव याच गोष्टीत असतो. कड्यांची आणि प्लेटांची गोलाई मिलिमीटरांच्या हिशेबाने राखावी लागते, आणि वेल्डिंगच्या आचेने ती सारखी बिघडू पाहत असते.

टाकी बाद झाली. परंतु तिच्यावर केलेल्या हिशेबाचा एक भाग असा आहे की तो ऐकून कोणालाही नवल वाटेल. या मापाचे कवच सुमारे सव्वादोन घनमीटर पाणी बाजूला सारते, म्हणजे समुद्रात त्याला वर ढकलणारे बळ सव्वादोन टनांहून थोडे अधिकच असते. आणि सहा मिलिमीटरच्या पोलादाचे स्वतःचे वजन जेमतेम पावणेपाचशे किलो. माणूस, बॅटऱ्या, यंत्रे सारे धरून उरलेला टनभर भार शिसे किंवा लोखंड बांधूनच पुरा करावा लागतो, नाहीतर पाणबुडी बुडतच नाही! असे असताना पातळ पत्र्यात काटकसर करून वर शिशाच्या विटा भरणे म्हणजे भिंतीच्या विटा वाचवून त्याच अंगणात रचून ठेवण्यासारखे आहे. तेवढ्याच टाकीला 10 मिलिमीटरची प्लेट घातली तर कवचाचे वजन तीनशे किलोंनी वाढते आणि चेपण्याची कागदी खोली 58 मीटरांवरून दोनशेच्या वर जाते. विमान बांधणाऱ्याला प्रत्येक किलोची चिंता. उथळ पाण्यातली पाणबुडी बांधणाऱ्याला किलो विकत आणावे लागतात.

कडी घालण्याचा मार्ग अधिक शहाणपणाचा, पण अधिक कौशल्याचा. दर अर्ध्या मीटरला आतून एक कडे घातले तर सहा मिलिमीटरच्या कवचाचेही बळ कागदावर पाचपट होते, आणि मग चेपणे व पोलाद नमणे ही दोन्ही संकटे एकाच दाबाला येऊन भेटतात, म्हणून प्रत्यक्षातले बळ त्या दोहोंपेक्षा कमीच धरावे लागते. कडे आत घातले तर समुद्रच प्लेटीला कड्यावर दाबून धरतो आणि सांध्यावर ओढ येत नाही. बाहेर घातले तर आत बसावयास जागा मिळते, पण सांधा ओढला जातो आणि खाऱ्या पाण्याला लपावयास कोनाडे मिळतात. कडे ठिकठिकाणी टाके घालून चिकटविणे मात्र टाकीच्या कारागिराला कितीही सोयीचे वाटले तरी करू नये.

टाकीच्या तोंडांना आपल्याकडे कारखान्यात ‘डिश एंड’ म्हणतात. ते अर्धगोल असेल तर उत्तम, लंबवर्तुळाकार खोलगट असेल तर चालते. सपाट झाकण कधीही नसावे. दरवाजासाठी कवचाला भोक पाडले की तेथून जेवढे पोलाद काढले तेवढे तरी भोवतीच्या जाड गळ्यात परत द्यावयाचे असते, आणि दार नेहमी बाहेरून बसणारे असावे, म्हणजे पाणी जितके खोल तितके ते घट्ट. त्याचा दुसरा अर्थही लक्षात ठेवावा लागतो: 60 सेंटिमीटर व्यासाच्या दारावर वीस मीटरांवर साडेपाच टनांहून अधिक भार असतो, आणि फक्त एक मीटर पाण्याखालीसुद्धा तो पावणेतीनशे किलोंहून अधिक असतो. पाय रोवून आतून ते कोणी उघडील ही कल्पना सिनेमात शोभते. अडकलेल्या माणसाला आत पाणी घेऊन दोन्ही बाजूंचा दाब सारखा करूनच ते उघडता येते, आणि ही तजवीज, म्हणजे पाणी घेण्याची झडप आणि तोंडाशी धरावयाची श्वासनळी, कवच बांधतानाच करावी लागते. खिडकीचे ॲक्रिलिक शंकूच्या आकाराचे, रुंद तोंड समुद्राकडे, असे बसवितात. तेही दाराच्याच न्यायाने आपोआप घट्ट होते.

कवच खरोखर किती सोसते हे विचारावयाचे तर ते समुद्रालाच विचारावे लागते, आणि विचारताना आत माणूस असता कामा नये. विल्यम बीब आणि ओटिस बार्टन हे दोघे अमेरिकन 1934 साली बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून 923 मीटर खोल गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याआधी 1932 साली त्यांनी तोच गोळा रिकामा खाली सोडला होता, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. गोळा वर आला तेव्हा तो नेहमीपेक्षा जड होता. एका खिडकीपाशी गळती होऊन तो पाण्याने जवळजवळ भरला होता, आणि खोलीवरचा सारा दाब त्या पाण्याबरोबर आत कोंडला गेला होता. बीबने दाराच्या मधला बोल्ट सैल करावयास घेतला, सगळ्यांना बाजूला केले, आणि पुढच्या क्षणी तो जड बोल्ट हातातून निसटून तोफेच्या गोळ्यासारखा डेकवरून गेला व मागोमाग पाण्याचा लोट सुटला. आत माणसे असती तर त्यांचे काय झाले असते, याची कल्पना डेकवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी आली असेल.

घरगुती पाणबुडीलाही हाच नियम. ठरविलेल्या खोलीच्या दीडपट रिकामे कवच भार बांधून सोडावयाचे, तासभर ठेवावयाचे, वर काढून सहाही व्यास पुन्हा मोजावयाचे. एकही मिलिमीटर कायमचा बदलला असेल तर ते कवच बाद. पाणबुडीवरचे जुने खलाशी आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून दोरी बांधीत आणि खोली वाढू लागली की ती सैल पडून झोळासारखी लोंबे. नवख्याला घाबरविण्याचा तो खेळ खरा, पण त्यात एक मोजमापही आहे.

गोलाचे कवच सर्वांत बळकट, हे आता सांगण्याची आवश्यकता नाही. समुद्रयान मोहिमेसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आखलेल्या ‘मत्स्य 6000’ या वाहनात तीन माणसे बसावयाची ती 2.1 मीटर व्यासाच्या आणि 80 मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या गोळ्यात. चिंचोटीच्या गाळ्यात तो घडणार नाही. लांबोळक्या आकाराचा मोह मोठ्यांनाही सुटत नाही. 18 जून 2023 रोजी ‘टायटॅनिक’च्या अवशेषांकडे जाताना पाच माणसांसह चिरडलेल्या ‘टायटन’चे कवच कार्बनच्या धाग्यांचे थर गुंडाळून केलेल्या नळकांड्याचे होते, आणि कोणत्याही वर्गीकरण संस्थेकडून ते प्रमाणित करून घेतलेले नव्हते. ताण सोसण्यात हे धागे पोलादाला मागे टाकतात. दाबाखाली मात्र थर एकमेकांपासून सुटू शकतात, आणि ते आतल्या आत सुटत जातात. ते वाहन त्याच्या आधीच्या वर्षांत त्याच खोलीवर जाऊन सुखरूप परतले होते. तो त्यांचा दाखला होता.

खोलीविषयी एक साधी गोष्ट या तरुणाने मला सांगितली, मी त्याला नव्हे. त्याच्या बापाने मासेमारी केली आहे. “जिथे तळच बारा मीटरला लागतो तिथेच बुडवायची, काका. यंत्र बंद पडलं, झडप अडकली, तरी ती तळाला टेकेल, चेपणार नाही.” वसईच्या किनाऱ्यालगतचे पाणी उथळ, गढूळ आणि भरती-ओहोटीच्या ओढीचे, खिडकीतून तिथे चिखलापलीकडे काही दिसावयाचे नाही, आणि जाळ्यांत गुरफटण्याचे भय आहे ते वेगळेच. शिवाय मुंबईच्या तोंडाशी विनापरवाना पाण्याखालून जाणाऱ्या कोणत्याही वस्तूकडे नौदल आणि तटरक्षक दल कौतुकाने पाहतील अशी अपेक्षा 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर कोणी करू नये. पण त्याचा विचार कवचापुरता अचूक होता. समुद्राचा तळ कवचाच्या मर्यादेच्या वर असला की एक मोठे भय आपोआप हिशेबातून वजा होते. राहतो तो श्वास: दोन घनमीटर हवेत एक माणूस बसला तर कर्बवायू दर तासाला सुमारे एक टक्का वाढतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला डोके ठणकू लागते.

पाऊस सुरू झाल्यावर मी पुन्हा त्या बाजूला गेलो, तो चिंचोटीच्या धबधब्याकडे जाणारी तरुणांची टोळकी पोलीस फाट्यावरूनच परत पाठवीत होते. गाळ्यामागे घाणेरी उंच वाढली होती आणि दोन दगड तेवढे उरले होते. टाकी वजनकाट्यावर चढून भिवंडीच्या भंगारवाल्याकडे गेली होती. तिच्या पोटात खडूने लिहिलेले सहा आकडे मात्र कोणी पुसले नव्हते, असे त्याने सांगितले. मग हात पुसत पुसत त्याने मला विचारले, की दहा मिलिमीटरची बॉयलर प्लेट कळंबोलीला सध्या काय भावाने मिळते.